अकरा इंजिनं, एकच नंबर

वाचनालयाच्या तळघरात, जिथे पूर्वी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे धूळ खात पडायचे, तिथे गेली वीसेक वर्षं खेळण्यातल्या रेल्वेचं एक मंडळ आहे. ‘खेळण्यातल्या’ म्हटलं की सभासद तोंड वाकडं करतात. त्यांच्या लेखी ती लघुरेल्वे. सभासद चौदा, दहा निवृत्त, उरलेले चौघे निवृत्तीकडे डोळे लावून बसलेले. भिंतीलगत तीन बाजूंनी फिरलेलं लांबलचक टेबल, त्यावर रूळ, दोन बोगदे, एक पूल आणि तळहातावर मावतील अशी स्टेशनं. कोपऱ्यात मात्र एक छोटं टेबल वेगळं आहे. त्यावर भिंगाचा दिवा, मीटर, चिमटे आणि स्पिरिटची बाटली. तिथे वैद्यबुवा बसतात.

वैद्यबुवा काही वैद्य नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. इथे कुणाचं इंजिन रुसलं की ते त्यांच्यापुढे नेऊन ठेवायचं अशी रीत पडली, आणि रीतीमागून नाव आलं. वय एकाहत्तर, पाठ ताठ, हात स्थिर, स्वभाव सरळ इतका की समोरच्याला टोचावा. कुणाची खुशामत करणं आणि कुणाची समजूत काढणं, या दोन गोष्टी त्यांना जन्मात जमल्या नाहीत. जमवायचा प्रयत्नही त्यांनी केला असेल असं वाटत नाही.

या इंजिनांच्या पोटात नखाएवढी एक पाटी असते. तिला डीकोडर म्हणतात. रुळातून वीज सगळ्या इंजिनांना सारखीच मिळते आणि हुकूमही सगळ्यांना एकदमच जातो. पण प्रत्येक डीकोडरला आपला एक नंबर असतो. नंबर पुकारला तरच तो हलतो, नाहीतर कानात बोळे घालून बसल्यासारखा ढिम्म. नंबराबरोबर त्यात आणखी पुष्कळ काही भरलेलं असतं: सुटताना किती हळू सुटायचं, थांबताना किती लांबून वेग कमी करायचा, दिवा किती मंद ठेवायचा. एकेक सभासद वर्षानुवर्षं हे आकडे इकडचे तिकडे करत असतो. काहींनी स्वतःच्या मुलांवर एवढी मेहनत घेतली नसेल.

वैद्यबुवांची तपासणी ठरलेली. आधी इंजिन नाकाशी न्यायचं. जळका डीकोडर वासावरून कळतो. मग चाकं पुसायची, कारण निम्म्या दुखण्यांचं मूळ चाकावरच्या काळ्या थरात असतं. मग टोपण काढून तारा बघायच्या. लाल आणि काळी रुळाकडून येणारी, नारिंगी आणि करडी मोटरकडे जाणारी. मोटरची तार लोखंडी सांगाड्याला चुकून जरी टेकली तरी डीकोडरचा ग्रंथ आटोपलाच म्हणायचा. हे सगळं ठीक निघालं की मग इंजिन ‘शाळेत’ घालायचं.

शाळा म्हणजे हातभर लांबीचा एक सुटा रूळ. इंजिनाला नवा नंबर शिकवायचा, किंवा आतलं सगळं पुसून त्याला कोरं करायचं, ते तिथे. कोरं केलं की इंजिन आपला नंबर विसरतं आणि कारखान्यातून आलेल्या पोरासारखं तिथे सगळ्यांनाच मिळणाऱ्या तीन नंबरावर हजर होतं. एकच पथ्य. शाळेतला हुकूम हा नंबर पुकारून दिलेला नसतो, तो ज्याच्या कानावर पडेल त्याला लागू होतो. म्हणून शाळा भरवताना मुख्य रुळाची वीज तोडलेली हवी. त्यासाठी वैद्यबुवांनी स्वतःच्या हातांनी एक पेटी बनवली होती. पेटीवर एक खटका. खटका खाली केला की मुख्य रूळ बंद, शाळा चालू, आणि हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला की खुशाल शिकवा.

तीन वर्षांपूर्वी या पेटीवरून एक प्रकरण झालं होतं. मंडळात वैद्यबुवांचे मेव्हणे होते, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान. औषधांचं दुकान चालवणारा, मोजूनमापून वागणारा, चिठ्ठीवरचं अक्षर दोनदा वाचल्याशिवाय गोळीला हात न लावणारा माणूस. त्यांनी एका सकाळी आपलं एक इंजिन शाळेत घालून कोरं करायचा हुकूम सोडला आणि मुख्य रुळावरची सगळ्यांची सगळी इंजिनं कोरी झाली. आरडाओरडा झाला. मेव्हणे म्हणत होते, “मी खटका खाली केला होता हो. दिवा लागला होता.” वैद्यबुवांनी पेटी तपासली आणि चारचौघांत निकाल दिला, “पेटीत काही नाही. तुम्ही खटका फिरवलाच नाही. फिरवल्याचं तुम्हाला वाटतंय, एवढंच. दोष पेटीत नाही मेव्हणे, डोक्यात आहे.” मेव्हणे पुन्हा मंडळात आले नाहीत. पुढे वर्षभरात त्यांनी दुकानही पुतण्याच्या हवाली केलं. कंटाळा आला म्हणे. वैद्यबुवांना त्याचं विशेष काही वाटलं नाही; माणसं दमतात.

आणि या मंगळवारी तेच घडलं, फक्त या खेपेला पेटीपुढे वैद्यबुवा स्वतः होते.

मंगळवारी मंडळ बंद असतं. पण किल्ली त्यांच्याकडे, आणि घरी बायकोने बैठकीची खोली रंगवायला काढलेली, म्हणून ते सकाळीच तळघरात येऊन बसले होते. मंडळाच्या चिटणीसाचं एक मालगाडीचं इंजिन नंबर पुकारला तरी जागचं हलत नव्हतं. वास घेतला, चाकं पुसली, तारा पाहिल्या. सगळं जिथल्या तिथे. मग शाळेत घातलं, खटका खाली केला, हिरवा दिवा पाहिला आणि कोरं करायचा हुकूम सोडला. इंजिनाने हुं की चूं केलं नाही. धडधाकट इंजिन अशा वेळी जरासं थरथरतं, हे तसंच मख्ख. वैद्यबुवांना वाटलं, डीकोडरच मेला असावा. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी ते मुख्य रुळावर ठेवलं, खटका वर केला, तीन नंबर पुकारला आणि वेग वाढवला.

चिटणीसाचं इंजिन होतं तिथेच राहिलं. बाकीची अकराच्या अकरा एकदम निघाली. बोगद्यातलं निघालं, पुलावरचं निघालं, शेडमधली चार एकमेकांना ढुशा देत निघाली. दोन समोरासमोर येऊन भिडली. एरवी हे पाहून वैद्यबुवासुद्धा हसले असते. पण त्यांनी वीज तोडली आणि स्टुलावर बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

अकरा इंजिनं कोरी झाली याचं दुःख होतंच. पण खरी धास्ती वाटली ती वेगळ्या कारणाने. खटका आपण खाली केला होता, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. आणि ‘स्वच्छ आठवतंय’ म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी काय सुनावलं होतं, तेही. गेल्या महिन्यात हार्डवेअरच्या दुकानात ‘वायसर’ हा शब्द त्यांना आठवेना. चाळीस वर्षं रोज तोंडात असलेला शब्द. शेवटी बोटांनी गोल करून दाखवावा लागला. त्यांचे थोरले भाऊ शेवटच्या तीन वर्षांत कुणालाच ओळखत नव्हते. वैद्यबुवा भेटायला गेले की ते आतल्या खोलीकडे तोंड करून सांगायचे, “लिफ्टवाला आलाय गं, त्याला पाणी दे.” त्याची सुरुवातही एका शब्दापासूनच झाली होती.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. बायकोने विचारलं, “जेवण का जात नाही?” तर रंगाच्या वासावर ढकललं.

बुधवारी सकाळी ते मीटर घेऊन पेटीपुढे बसले. एक मीटर मुख्य रुळावर, दुसरा शाळेवर. खटका खाली: दिवा लागला, मुख्य रूळ थंड, शाळा चालू. बरोबर. खटका वर: उलट. बरोबर. असं त्यांनी दहा वेळा केलं. कागदावर रेघा ओढल्या. दहाही वेळा पेटी निर्दोष. म्हणजे दोष कुठे, हे सांगायला दुसऱ्या वैद्याची गरज नव्हती.

दहा झाल्यावर ते उठायला हवे होते, उठले नाहीत. आणखी दहा केले. मग दुपारी घरचा डबा खाऊन आणखी दहा. मध्येच एक विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांचा हात खटक्यावर तसाच राहिला. पेटीत खोट निघाली तर आपलं डोकं शाबूत. पण मग मेव्हण्यांचंही शाबूत होतं. आपण सुटलो तर त्याच पुराव्यावर आपण अडकणार. यातून तिसरी वाट नव्हती. वैद्यबुवा काही संतमहात्मा नाहीत. क्षणभर त्यांना वाटलं, मीटर गुंडाळावेत, म्हातारपण आलं म्हणावं, झालं. तेवढ्यात थोरल्या भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी पुन्हा खटका दाबला. चाळीस रेघा झाल्या. पेटी चाळीसही वेळा खरी ठरली.

गुरुवारी सकाळी दाढी करताना त्यांना मेव्हण्यांचं एक वाक्य आठवलं. त्या गोंधळात मेव्हणे म्हणाले होते, “आधी एक इंजिन घसरलं होतं, रुळावर आडवं झालं, ठिणगी उडाली. त्याचा काही संबंध असेल का?” आणि आपण म्हणालो होतो, “आता सबबी नकोत.” वस्तरा हातात तसाच धरून वैद्यबुवा आरशासमोर उभे राहिले. मंगळवारी सकाळी, शाळा भरवण्याआधी, पुलाजवळ एक इंजिन घसरलं होतं. आडवं पडलं होतं. चट्ट आवाज झाला होता. त्यांनीच तर ते उचलून सरळ ठेवलं होतं.

अर्धी दाढी तशीच पुसून ते तळघरात पोचले. मीटर लावले. मग स्क्रूड्रायव्हर घेतला आणि जन्मात कधी केलं नसतं ते केलं: तो मुख्य रुळावर आडवा टेकवला. चट्ट. ठिणगी उडाली, वीज आपोआप तुटली, परत आली. वैद्यबुवांनी खटका खाली केला.

हिरवा दिवा लागला. शाळेचा मीटर शून्यावर. मुख्य रुळाचा मीटर जागचा हललाच नाही.

त्यांनी पेटी उघडली. खटका स्वतः वीज फिरवत नव्हता. तो आतल्या रिलेला सांगायचा आणि रिले आपली पट्टी इकडून तिकडे फेकायचा. ठिणगीच्या झटक्याने पट्टीचं टोक वितळून जरासं चिकटत होतं, मोहरीच्या दाण्याएवढं. खटका खाली गेला तरी पट्टी सुटत नव्हती. आणि दिवा? दिव्याची तार त्यांनी खटक्याला जोडली होती, पट्टीला नव्हे. दिवा हुकूम काय दिला ते सांगत होता. हुकूम पाळला गेला की नाही, ते त्याला ठाऊकच नव्हतं. वैद्यबुवांनी पेटीवर बोटाने टिचकी मारली. टक् झालं, पट्टी सुटली, मुख्य रुळाचा मीटर शून्यावर. पेटी पुन्हा साळसूद. तपासायला कुणी ती नुसती उचलली तरी खोट पळून जात होती.

लिफ्टच्या धंद्यात त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती: दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही, दार उघडून डबा आला आहे का ते डोळ्यांनी बघायचं. दिव्यावर विसंबून माणसं खड्ड्यात पडतात. स्वतःची पेटी बनवताना मात्र हा शहाणपणा ते घरी विसरून आले होते.

त्यांचं डोकं शाबूत होतं. हे कळल्यावर आनंद झाला, नाही असं नाही. तो पाचेक मिनिटं टिकला. मग त्यांनी नवा रिले बसवला, दिव्याची तार पट्टीच्या पलीकडे नेली, सात-आठदा ठिणग्या पाडून पाहिलं, आणि दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: ‘सगळी इंजिनं कोरी झाली आहेत. दोष माझ्या पेटीचा. तीन वर्षांपूर्वीही तोच होता.’ जुना रिले खिशात टाकला आणि बहिणीच्या घरी गेले.

बहीण दुसऱ्या मजल्यावर राहते. दार तिनेच उघडलं. “दादा? असा अवेळी? आणि दाढी का अर्धी?”

“मेव्हणे आहेत?”

“असणारच की. जातात कुठे?”

मेव्हणे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होते. वैद्यबुवांनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. प्रस्तावना त्यांना कधी जमली नव्हती. ठिणगी, पट्टी, दिवा, सगळं एका दमात सांगितलं. खिशातला रिले काढून टेबलावर ठेवला. “तुम्ही खटका फिरवला होता,” ते म्हणाले. “दिवाही लागला होता. तुमचं बरोबर होतं. मी चुकलो.”

मेव्हण्यांनी शेंगा बाजूला सारल्या. चष्मा चढवला आणि रिले उजेडाकडे धरून पाहिला. चिकटलेल्या टोकावर नखाने खरवडून पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, “म्हणजे मी खरंच फिरवला होता?”

“हो.”

“परत एकदा सांगा.”

“तुम्ही खटका फिरवला होता.”

मेव्हण्यांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले. “त्याचं काय झालं,” ते म्हणाले, “दुसऱ्याच आठवड्यात दुकानात एका आजीबाईंना गोळ्या दिल्या. त्या गेल्या, आणि मला वाटलं, आपण बरोबरच दिल्या का? दिल्याचं आठवत होतं. पण खटका फिरवल्याचंही आठवतच होतं की. धावत त्यांच्या घरी गेलो. गोळ्या बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग रोजच. दहा-दहा वेळा पुडी उघडून बघायचो. गिऱ्हाईक खोळंबायचं. शेवटी म्हटलं, एखाद्याचा जीव घेण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.”

“तुम्ही तर म्हणाला होता, कंटाळा आला,” वैद्यबुवा म्हणाले.

“मग काय सांगू? डोकं फिरलंय म्हणून सांगू? डॉक्टरांकडे जाऊन आलो ना. सगळ्या तपासण्या केल्या. ते म्हणाले, काही झालेलं नाही तुम्हाला. मला वाटलं, समजूत काढतायत. आणि तुम्ही, तुम्ही कधी कुणाची समजूत काढत नाही. म्हणून तुमचं खरं मानलं.”

वैद्यबुवांना वाईट वाटलं. इतकं वाईट त्यांना थोरल्या भावाच्या वेळीही वाटलं नव्हतं, कारण तिथे त्यांचा हात नव्हता. मेव्हण्यांनीच त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

बहीण इतका वेळ ओट्याला टेकून ऐकत होती. ती रागावलेली आहे की नाही, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. लहानपणीही कळायचं नाही.

“दादा,” ती म्हणाली, “तू आता ही खोट शोधलीस ती कशी? किती वेळा खटका वरखाली केलास?”

“एकेचाळिसाव्या वेळी सापडली.”

“म्हणजे चाळीस वेळा पेटी बरोबर निघाली, तरी तू थांबला नाहीस.”

“नाही.”

“आणि यांच्या वेळी? हे ओरडून सांगत होते तेव्हा, तू किती वेळा करून पाहिलं होतंस?”

तीन वर्षं झाली होती. आता नेमकं आठवत नाही, असं म्हणायची सोय होती, आणि या वयाच्या माणसाला कुणी पुढे विचारलंही नसतं. पण वैद्यबुवांना ते लख्ख आठवत होतं.

“एकदा,” ते म्हणाले.